भिंतीकडे तोंड

ब्रिटिश साम्राज्याची अनेक गुपितं काळाच्या ओघात फुटली; पण त्याच्या आरमाराचं एक गुपित नंदुरबारात, स्टेशनच्या वाटेवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात, तीस वर्षं अभंग राहिलं. एवढ्या काळात शत्रुपक्षाचा कुणीही ते विचारायला आला नाही, हे खरं आहे. पण त्यामुळे गुपित राखणाऱ्याची योग्यता कमी होत नाही, असं त्या गृहस्थांचं मत होतं, आणि पुढेपुढे माझंही झालं.

ते माझे घरमालक. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणे. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो, तेव्हा दुकानामागची त्यांची खोली रिकामी होती. खोली दाखवून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मास्तर, घड्याळ वापरता?"

मी मनगट पुढे केलं.

"हे चालेल. फार आवाज नाही याचा. गजराचं?"

"एक आहे ट्रंकेत."

"ट्रंकेतच असू द्या. शाळेची घंटा इथवर ऐकू येते."

मला वाटलं, म्हाताऱ्याची झोप हलकी असेल. पुढे कळलं, की त्या घरात भिंतीवर, कोनाड्यात, कुठेच घड्याळ नव्हतं. आप्पांच्या पत्नी, आक्का, उंबऱ्यावरच्या उन्हावरून वेळ सांगत आणि ढगाळ दिवशी सुरतेच्या गाडीवरून. गाडी उशिरा आली की आमचं जेवण उशिरा होई.

त्याहून मोठं आश्चर्य दुकानात होतं. आप्पा शिवणयंत्रं, स्टोव्ह, तेलावरची इंजिनं, जिनातले सरकी काढायचे रेचे असं सगळं दुरुस्त करत. एकदा तलाठ्याच्या हार्मोनियमचा बिघडलेला सूर त्यांनी नुसत्या कानाने ओळखून काढला. पण कुणी घड्याळ घेऊन आलं, की ते काउंटरवर ठेवूही देत नसत. "ते आपलं काम नाही," म्हणत. लोक समजत, आप्पांना घड्याळ येत नाही. समोरचा सायकलवाला हे गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगे. आप्पांच्या कानावर ते जाई आणि त्यांचा चेहरा जरासा ताठ होई, एवढंच.

तरुणपणी घरात भांडून ते मुंबईला पळाले होते आणि गोदीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले होते. तिथे टॉर्पेडो दुरुस्त होत. नंदुरबारपासून समुद्र इतका दूर, की या शब्दाला गावात काहीच आकार नव्हता. तो देण्याचं काम आप्पांनी अंगावर घेतलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं आणि बाकावर चार माणसं जमली, की ते आतून दुधी भोपळा मागवत.

"ऑस्ट्रियाच्या आरमारात एक अधिकारी होता," ते सुरू करत. "निवृत्त झाला आणि घरी बसून त्याला सुचलं, की होडीत दारू भरावी, आणि किनाऱ्यावरून दोऱ्या ओढून ती शत्रूच्या जहाजावर न्यावी. म्हणजे आपण बैलाला कासरा लावतो तसं. पण समुद्रात कासरा पुरणार किती? मग एक इंग्रज इंजिनियर त्याला भेटला. त्याने होडी पाण्याखाली घातली, कासरा काढून टाकला आणि पोटात दाबून हवा भरली."

इथे ते भोपळा कापायला लागत. "ही पहिली फोड, डोकं. यात दारू. ही दुसरी, हवेची टाकी." मग तिसरी फोड कापून ते काही न बोलता कपड्यात गुंडाळत आणि मागच्या फळीवर ठेवत. "ही चौथी, इंजिन. आणि ही शेपटी, सुकाणू आणि पंखे."

"आन तिसरी?" नवखा माणूस हमखास विचारी.

"पहिल्यापहिल्यांदा टॉर्पेडो नीट चालेना. कधी उसळी मारून पाण्यावर यायचा, कधी तळात नाक खुपसायचा. नव्याने जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखा. मग त्या इंजिनियराने आत एक गोष्ट बसवली, आणि तो सांगितलेल्या खोलीवरून सुतासारखा सरळ जायला लागला."

"कोणती गोष्ट, आप्पा?"

"हे पाण्याखालचं," आप्पा म्हणत.

हा त्यांचा शब्द होता. जे सांगायचं नाही ते पाण्याखालचं. नंतर भोपळ्याच्या उरलेल्या फोडी आत जात. तिसरी जात नसे. ती कुणाला खाता येत नसे, कारण चुकून का होईना, ती उघडी पडायला नको. आक्का विळीवरून ओरडत, "आरमारनी फोड गई! ऱ्हायनी ती भाजी आपली!"

गुपिताची हकीकत अशी. कारखान्यात एक तरुण गोरा लेफ्टनंट होता. टॉर्पेडोची तिसरी कोठी उघडायची ती फक्त त्याने, असा नियम होता. त्याने किल्ल्यांचा जुडगा काढला, की हुकूम सुटे आणि सगळे देशी फिटर भिंतीकडे तोंड करून उभे राहत. लेफ्टनंट कोठी उघडून आतलं तपासून पुन्हा बंद करी, मग सगळ्यांनी वळायचं. हा नियम इतर ठिकाणी बऱ्याच आधी विसरला गेला असावा. पण तो रद्द झाल्याचा कागद मुंबईला आला नव्हता, आणि लेफ्टनंट कागदावर चालणारा होता. त्यावरही त्याचं समाधान झालं नाही. पाहायचं नाही, हा झाला हुकूम. पण चुकून पाहिलंच तर सांगायचं नाही, अशी शपथही त्याने सगळ्यांकडून घेतली. मुसलमान फिटरांसाठी कुराण आलं, ख्रिस्ती फिटरांसाठी बायबल. आप्पांच्या वेळी गीता सापडेना. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. शेवटी लेफ्टनंटने त्यांना त्यांच्या जेवणाच्या पितळी डब्यावर हात ठेवायला सांगितलं.

"डब्यात भाकरी होती, मास्तर," आप्पा मला म्हणाले. "म्हणजे शपथ पक्की झाली."

"पण तुम्ही तर पाहिलंच नाही. मग सांगण्यासारखं तुमच्याकडे आहे काय?"

त्यांनी दुकानाबाहेर नजर टाकली, रस्ता मोकळा असल्याची खात्री करून घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पाहिलं नाही. ऐकलं. सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून माणूस करणार काय? कान उघडेच असतात. आत काय आहे ते मला ऐकून समजलं. शपथ घालताना साहेबाने कानांचा अपवाद केला नव्हता."

भिंतीकडे वळण्याची सवय त्यांना जन्माची लागली. समोर कुणी कुलूप उघडलं की ते वळत. आक्का ट्रंक उघडायला बसल्या की वळत. मला घरचं पत्र आलं आणि मी ते त्यांच्यासमोर फोडलं, तर बोलता बोलता ते अर्धवर्तुळ फिरून भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायला लागत. एका सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या बापाने दागिन्यांचा डबा उघडला, तेव्हा मध्यस्थ म्हणून बसलेले आप्पा वळून बसले. मुलाकडच्यांना वाटलं, आप्पांना दागिने पसंत नाहीत. ते लग्न मोडता मोडता वाचलं. पण गल्लीतल्या बायका बाहेरगावी जाताना किल्ल्या त्यांच्याच दुकानात ठेवत.

ते सरकारच्या बाजूचे होते असं मात्र नव्हे. ते खादीची टोपी घालत, हरताळाच्या दिवशी दुकान सगळ्यांच्या आधी बंद करत. मी त्यांना एकदा छेडलं, की सरकार जावं असं वाटतं, मग सरकारचं गुपित कशाला राखता?

"सरकार जाईल," ते म्हणाले. "डबा माझा आहे."

या सगळ्याची झळ बसली ती आक्कांना. त्यांनी ते मला मी राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात, मिरच्या निवडता निवडता सांगितलं. आक्कांचं माहेर प्रकाशा गावाजवळ, तापीकाठी. एकच भाऊ, शेतीवाडी बरी. आप्पांनी हे घर बांधलं तेव्हा भावाने हौसेने खास सुरतेहून भिंतीवरचं मोठं लंबकाचं घड्याळ आणलं, गाडीत गवतावर झोपवून. आप्पांनी ते परत पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाले, पाण्याखालचं आहे. भाऊ रागाने लाल झाला. ज्या दिवशी ते घड्याळ या भिंतीवर लागेल, त्या दिवशी मी या घरचं पाणी पिईन, असं बोलून तो गेला. बावीस वर्षं झाली. आला नाही, आणि त्याच्याकडून बोलावणंही आलं नाही. दोन भाच्यांची लग्नं झाली ती आक्कांना लोकांकडून कळली.

"मास्तर, तुम्ही शिकेल मानूस शेतस, तुम्ही सांगा," आक्का म्हणाल्या. "घड्याळ कधी पानीखाल ऱ्हास का?"

"नाही."

"मंग? तीस वरीस व्हई ग्यात, हाऊ मानूस मन्हा घरमा ऱ्हास, नि याना पोटमा काय शे, ते मले माहीत नही." त्यांनी एक नासकी मिरची बाजूला फेकली. "धाकली भाचीनं लगन माघमा शे. ते शेवटनं. त्याना बाद त्या घरमा लगनच नही."

म्हणजे एका घरावर दोन शपथा समोरासमोर उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये आक्का. भावाच्या शपथेचं मला काही करता येण्यासारखं नव्हतं. दुसरीवर मी विचार करायला लागलो.

शाळेच्या ग्रंथालयात एका निवृत्त साहेबाने जाताना देऊन टाकलेला इंग्रजी ज्ञानकोश होता. जाडजूड खंड, पाठीवर सोनेरी अक्षरं, शाळेच्या तपासणीच्या दिवशी काच पुसून दाखवण्यासाठी उत्तम. मी टॉर्पेडोचा खंड काढला. त्याची पानं अजून कापलेली नव्हती. छापखान्यातून जशी जोडून आली तशीच होती. मी पट्टीने पानं कापली, आणि आरमाराचं गुपित आकृतीसह माझ्यासमोर आलं. तिसऱ्या कोठीत दोन वस्तू असतात. एक झडप, जिला पाण्याच्या दाबावरून खोली कळते. आणि एक जड लंबक, जो टॉर्पेडोचं नाक वरखाली झालं की झुलतो आणि सुकाणूला सावरतो. ही कोठी एकेकाळी गुप्त मानत, असंही एक वाक्य होतं. मी खंडाचं पहिलं पान पाहिलं. तो छापला गेला त्याच्या पुढच्या वर्षी आप्पा गोदीत लागले होते.

मला वाटलं, प्रश्न सुटला. गुपितच उरलं नाही तर शपथ कशाची? खंड बगलेत मारून मी संध्याकाळी घरी आलो. आप्पा एका स्टोव्हची पिन साफ करत होते. मी म्हणालो, "आप्पा, एक गंमत दाखवतो," आणि पान उघडलं. मथळा मोठ्या टाइपात होता. आप्पांना इंग्रजी फारसं येत नसे, पण तो शब्द येत होता.

त्यांनी पिन खाली ठेवली आणि वळून भिंतीकडे तोंड केलं.

"मास्तर, पुस्तक बंद करा."

"अहो, हे सगळ्या जगात छापलंय. कुणीही वाचू शकतं."

"जगाने शपथ घेतलेली नाही."

"पण तुम्ही नुसतं पाहा तरी—"

"सहा वर्षं उघडी कोठी तीन हातांवर होती. तेव्हा पाहिलं नाही," ते भिंतीला म्हणाले. "आता पुस्तकात पाहू? शपथ ज्याने घातली त्याने सोडवायची. तो नाही, तर त्याच्या जागी असलेल्याने. बंद केलंत का?"

मी बंद केलं. ते वळले आणि स्टोव्हची पिन शोधायला लागले. जेवताना त्यांनी आक्कांना सांगून मला वाटीभर जास्त दूध वाढायला लावलं. मी खजील झालो आहे हे त्यांना कळलं असावं.

त्याच वर्षी, महायुद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात, बातमी आली, की सारंगखेड्याच्या जत्रेत आरमाराचा अधिकारी भरतीसाठी येणार आहे. सारंगखेड्याची जत्रा घोड्यांची. तिथे फौजेची माणसं नेहमी येत, पण घोड्यांच्या बाजारात आरमाराने काय पाहायचं, हे मला कधी कळलं नाही. बहुधा वरच्या कचेरीत कुणीतरी गर्दीचं ठिकाण एवढंच पाहिलं असावं.

आप्पांनी ते वाचलं, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "जावं म्हणतो." त्या दिवशी त्यांनी फळीवरून पितळी डबा काढून चिंचेने घासला.

आम्ही तिघं निघालो. आक्कांना दत्ताचं दर्शन घ्यायचं होतं, आणि आपला नवरा साहेबापुढे काय करतो ते पाहायचं होतं. दोंडाईच्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, आणि मग तापी नावेने ओलांडायची. नावेत चढताना मला आप्पांबद्दल एक नवी गोष्ट कळली. त्यांनी दोन्ही हातांनी माझा कोट धरला आणि डोळे मिटले. चेहरा पांढराफटक. नदी संथ होती. शेजारी एक शेळी उभ्याने रवंथ करत होती.

"आप्पा, तुम्ही आरमारातले ना?"

"कारखान्यातला," ते डोळे न उघडता म्हणाले. "जहाजावर कधी गेलो नाही."

"आन टारपेडो खोल पानीमा सोडतस," आक्का शेळीला म्हणाल्या.

अधिकाऱ्याचा तंबू बाजाराच्या कडेला, चाऱ्याच्या गंजीशेजारी होता. समोर पोस्टरवर एक युद्धनौका, आणि पोस्टरला पाठ खाजवत उभी एक काठेवाडी घोडी. आप्पांना थोडं दूर थांबवून मी आधी आत गेलो. अधिकारी पंचविशीचा होता, लाहोरकडचा. आरमारात येण्याआधी त्याने समुद्र पाहिला नव्हता, हे त्याने आपणहून सांगितलं. त्याचं खातं रसदीचं. डाळ, तांदूळ, साखर. टॉर्पेडोशी त्याचा संबंध आला होता तो एकदाच, भांडारात रस्ता चुकल्यामुळे. सकाळपासून त्याच्याकडे आलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी घोड्यांचे भाव विचारले होते.

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. हिंदी आणि इंग्रजी मिसळून आमचं बोलणं चाललं होतं. ज्ञानकोशापर्यंत आलो, तेव्हा तो मोठ्याने हसला.

"म्हणजे छापलेलं गुपित? आणि मी त्यातून सोडवायचं? मला तर ते काय आहे तेही माहीत नाही."

"त्याने काही बिघडत नाही. फक्त त्यांच्यासमोर हसू नका."

त्याने तंबूच्या दारातून बाहेर पाहिलं. आप्पा उन्हात ताठ उभे होते. धुतलेला बंद गळ्याचा कोट, खादीची टोपी, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेला पितळी डबा. मागून घोड्यांची रांग चालली होती, धूळ उडत होती, आणि त्या धुळीत ते पापणी न हलवता उभे होते. आक्का मागे पदर सावरून. तो थोडा वेळ पाहत राहिला. मग त्याने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर नीट बसवली, कोटाची वरची गुंडी लावली आणि बाहेर आला.

"डबा पुढे करा," तो म्हणाला.

आप्पांनी केला. त्याने सांगितल्यावर डब्यावर हातही ठेवला. त्या पोराला काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं, पण तो बोलला ते ठीक होतं. आपण घेतलेली शपथ आपण पूर्णपणे पाळली आहे, असं आरमाराच्या वतीने मी नोंदवतो, आणि आज या क्षणापासून आपल्याला तिच्यातून मुक्त करतो. एवढं बोलून त्याने सलाम केला. मला समारंभ आवडत नाहीत. हा मला आवडला, कदाचित साक्षीला घोडी होती म्हणून.

आप्पांनी सलाम परत केला, आणि विचारलं, "लेखी मिळेल का?"

त्याने भरतीच्या अर्जामागे दोन ओळी लिहून सही करून दिली. आप्पांनी कागद डब्यात ठेवला. मग एक पाऊल पुढे टाकून, आवाज खाली आणून, तीस वर्षांनी पहिल्यांदा म्हणाले, "साहेब, आता ऐका. त्या तिसऱ्या कोठीत—"

अधिकाऱ्याने घाईने हात वर केला. "नको, नको. मी शपथ घेतलेली नाही."

आप्पांनी मान डोलावली. त्यांना तो माणूस फार पसंत पडला.

नदीकाठी, गाड्या सोडल्या होत्या तिथे आम्ही जेवायला बसलो. आक्कांनी भाकऱ्या काढल्या. आप्पांनी बाजारात घेतलेला एक लांब पांढरा मुळा हातात घेतला. माझ्याशी ते शाळेतली मराठी बोलत, पण आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आयकी ले," ते आक्कांना म्हणाले. मुळ्याचे तुकडे पडायला लागले. "हाई डोकं. हाई हवानी टाकी." तिसरा तुकडा त्यांनी कपड्यात गुंडाळला नाही. आक्कांच्या तळहातावर ठेवला. "हाई तिसरी. यामा घड्याळ व्हतं."

"कसामा?"

"टारपेडोमा. साहेब कोठी उघाडे का टिक-टिक, टिक-टिक. सहा वरीस मी मन्हा कानघाई आयकं. घड्याळ शे म्हनीसन त्याले बराबर समजस, कव्हळ वर जावानं, कव्हळ खाल जावानं."

आक्का तळहातावरच्या मुळ्याकडे पाहत राहिल्या. मीही. लेफ्टनंट तपासताना लंबक बोटाने हलवून पाहत असणार. त्याचाच तो आवाज. तीस वर्षं, दोन भाच्यांची लग्नं, सायकलवाल्याची टवाळी, एवढ्या किमतीत आप्पांनी जे जपलं होतं, ते गुपित नव्हतंच. मास्तरकीत चूक दिसली की तोंड आपोआप उघडतं. मी भाकरीचा मोठा घास घेतला.

"म्हनीसन मन्हा भाऊनं घड्याळ..." आक्का म्हणाल्या.

"भितवर घड्याळ टिक-टिक करस. आन खाले बसीसन मी लोकस्ले टारपेडो सांगस. कोनी इचारं, आप्पा, तिसरी फोडमा बी असंच काही वाजस का, तं मी खोटं कसं बोलसू?"

आक्कांची मूठ त्या तुकड्यावर मिटली. मला वाटलं, आता फुटणार, आणि फुटल्या असत्या तर त्यात चूक नव्हती. त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावून खाल्ला. तीस वर्षांत त्यांच्या वाट्याला आलेली ती पहिली तिसरी फोड.

"तिखट शे," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून उभ्या राहिल्या आणि भाड्याच्या गाडीवाल्याला हाक मारली. "भाऊ, बैल जुपी दे! नावकडे नको. परकाशाकडे लई चाल."

भावाच्या ओट्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. भाऊ खाटेवर बसून दोरी वळत होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि दोरी वळणं चालू ठेवलं.

"दाजी, रस्ता चुकनात का?"

"नही," आप्पा म्हणाले. "घड्याळ लेवाले उनू."

दोरी थांबली. भाऊ उठून आत गेला. आम्ही त्याच्या मागे गेलो. माजघराच्या भिंतीवर ते घड्याळ होतं, काट्यांवर बावीस वर्षांची धूळ.

"किल्ली नही दिधी कधी," तो बहिणीला म्हणाला. "तुन्हा घरनं शे. आठे कसाले चालाडू?"

कारण काय होतं, ते त्याने विचारलं नाही. आप्पांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. त्यांना मोकळीक मिळाली होती, आणि ती वापरायची त्यांना घाई होती. भावाने निम्म्यात थांबवलं. "ऱ्हाऊ द्या, दाजी. आधी च्या पी ल्या."

घड्याळाच्या पेटीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. ते खरवडून काढून, घड्याळ पुन्हा गवतावर झोपवून आम्ही नंदुरबारला आणलं. भाऊ बरोबर आला. त्याने स्वतः खिळा ठोकला, घड्याळ टांगलं, मग ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायला. माघातल्या लग्नात आक्का आठ दिवस आधी गेल्या.

मी पुढे पाच वर्षं त्या घरात राहिलो. आप्पा आता कुणी विचारलं तर तिसरी कोठी सांगायला तयार असत, पण विचारणारे कमी झाले. सांगता येत नव्हती तोवर लोकांना ती ऐकायची होती. ज्ञानकोशाचा तो खंड मी शाळेत परत ठेवला, कपाटाच्या वरच्या फळीवर, दुसऱ्या रांगेत. मी त्यांना कधी काही बोललो नाही. घड्याळात लंबक होताच. अर्धं तरी बरोबर होतं.

किल्ली देण्याचं काम आक्कांकडे होतं. दर शनिवारी सकाळी त्या स्टुलावर चढून घड्याळाची काच उघडत, आणि आप्पा हातातलं काम खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहत. काच बंद झाल्याचा आवाज आला की वळत. यावर त्या दोघांत कधी चर्चा झालेली मी ऐकली नाही.

ते घड्याळ दिवसाला वीस मिनिटं मागे पडत असे. आक्कांनी पुष्कळदा सांगून पाहिलं, पण आप्पांनी ते दुरुस्त करायला शेवटपर्यंत हात लावला नाही. घड्याळातलं आपल्याला काही कळत नाही, असं ते म्हणत, आणि ते खरं होतं.